रस्त्यापलीकडची लाईन

रस्त्यानं जाणारा माणूस समोर बघतो, फार तर खाली बघतो. मी चाकरीची सगळी वर्षं वर बघत चाललो. त्यामुळे शेणात पाय पडणं, उघड्या गटाराच्या काठावरून घसरणं आणि कुणाच्या तरी सायकलीला धडकून शिव्या खाणं हे माझ्या वाट्याला भरपूर आलं. बायको म्हणायची, “तुमच्या चपला पाहूनच समजते, आज कोणत्या रोडनं फिरून आले.” मी विजेच्या खात्यात लाईनमन होतो. लोक आम्हाला वायरमन म्हणतात. लाईट गेल्यावर आणखी काय काय म्हणतात, ते दिवाळीच्या दिवसांत छापण्यासारखं नाही.

गाव माझं सिंदेवाहीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं गेली ती चंद्रपुरात, शहराच्या पोटातून मूलकडे निघणाऱ्या हायवेच्या तुकड्यावर. हायवे म्हटलं की बाहेरच्या माणसाला मोकळा, सरळ रस्ता आठवतो. आमचा तसा नाही. दोन्ही बाजूंना घराला घर चिकटलेलं, खाली दुकान, वर बिऱ्हाड, त्याच्यावर कुणीतरी पत्रे टाकून चढवलेला आणखी एक मजला. वरच्या सज्जातून हात लांब केला तर ट्रकच्या टपाला लागावा. त्या दोन भिंतींमधून कोळशाचे ट्रक, सिमेंटच्या टाक्या, बांबूच्या गाड्या, गडचिरोलीची एसटी, शाळेचे ऑटो आणि धानाची पोती घेऊन निघालेले ट्रॅक्टर, सगळे एकाच वेळी जातात. मधोमध कमरेएवढा दुभाजक. समोरच्या घरी साखर मागायला जायचं तरी चौकापर्यंत चालत जाऊन वळून यावं लागतं.

गडचिरोलीकडे कारखाने उभे राहू लागले तेव्हापासून या रस्त्यावर मोठ्या यंत्रांचे ट्रेलर येऊ लागले. एका घराएवढं यंत्र, खाली मोजताना कंटाळा यावा इतकी चाकं, पुढं ओढणारं एक इंजिन आणि मागून ढकलणारं दुसरं. ते पायी माणसाच्या चालीनं सरकतं. त्याच्या पुढं एक माणूस खरोखरच पायी चालतो, हातात वाळलेला लांब बांबू घेऊन. बांबूच्या टोकाला बेचकी असते. तो माणूस मी.

काम सांगायला सोपं आहे. टीव्हीच्या, नेटच्या वायरी कुठंही लोंबत असतात, त्या बेचकीनं उचलायच्या, यंत्राच्या डोक्यावरून सरकवायच्या आणि मागं सोडून द्यायच्या. आमच्या उघड्या तारा मात्र चालू असताना बांबूनंही उचलायच्या नाहीत. आधी लाईन बंद करायची. मग तारेला जमिनीशी जोडणारी साखळी अडकवायची, म्हणजे कुणी चुकून लाईन सोडली तरी खांबावरचा माणूस मरू नये. मग ऑफिसातून परमिट घ्यायचं आणि त्यानंतरच हात वर करायचा. या क्रमात ज्यानं ज्यानं घाई केली, त्यांतले दोन जण माझ्याबरोबर भरती झालेले होते. त्यांच्या बायका आज पेन्शनवर आहेत. म्हणून मला कुणी ‘लवकर आटपा’ म्हटलं की माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं.

हायवेचा एक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो. डाव्या हाताची घरं एका डीपीवर असतात आणि उजव्या हाताची दुसऱ्या. डीपी म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. शक्यतो तारा रस्ता ओलांडून न्यायच्या नाहीत, म्हणून ही व्यवस्था. त्यामुळे इकडची लाईट गेली तरी तिकडची असते, आणि इकडचे लोक तिकडचे फिरते पंखे बघून मला जास्तच शिव्या देतात.

एकदा अशीच लाईन बंद केली आणि एका सलूनमधून गळ्याभोवती कापड बांधलेला तरुण तावातावानं बाहेर आला. त्याचं अर्धं डोकं मशीननं बारीक झालेलं, अर्धं जंगल तसंच. त्याला त्याच दिवशी चिमूरला मुलगी बघायला जायचं होतं.

“वायरमनभाऊ, लाईन केव्हा येते?”

“पाच मिनिटात.”

“पाच मिनिटं म्हणजे तुमचे का घड्याळीचे?”

तोच पुढं म्हणाला, “पोरीवाल्यायनं नाई म्हटलं, तर पुढचा रविवार तुमच्या घरी येतो. पोरगी आहे ना तुम्हाले?” सगळा चौक हसला. मला मुलगी नाही, दोन मुलगे आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचं लग्न त्या चिमूरच्या मुलीशीच झालं आणि पुढं तो भेटला की मोठ्यानं सांगायचा, अर्ध्या डोक्याचा सौदा पुऱ्या डोक्यापेक्षा चांगला झाला.

पण सगळ्यांचं असं हसण्यावारी निघत नाही. कोरोनानंतर या रस्त्यावरच्या काही घरांत हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीनं आली. प्रवासी बॅगेएवढं मशीन, त्याची नळी नाकाला, आणि मशीन विजेवर. लाईन बंद करण्यापूर्वी अशा घरी मी स्वतः जायचो. फोन करून भागतं, पण फोन कधी लागत नाही, कधी पोरं उचलतात आणि विसरतात. ज्यांच्याकडे सिलिंडर असायचा ते नळी सिलिंडरला लावायचे, मला पाणी द्यायचे, आणि मी निघायचो. ‘सिलिंडर लागला’ हे माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी खटका पाडत नव्हतो. खात्याचा असा नियम नव्हता, माझा होता.

त्यातलंच एक घर देवाजींचं. डाव्या बाजूला, वळणावर. देवाजी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, छाती पार गेलेली. डॉक्टर खाणीतल्या धुळीलाही दोष देत आणि बिडीलाही. देवाजी फक्त धुळीला देत. घरात ते आणि त्यांची बायको पार्वताबाई, दोघंच. मी गेलो की देवाजी खाटेवरून हात वर करायचे आणि पार्वताबाई म्हणायच्या, “आले का भाऊ अंधार घेऊन?”

बरोबर समोर, रस्त्याच्या उजव्या हाताला, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची, तुळशीरामची आटाचक्की होती. दोघांच्या दारांत फक्त हायवे. आणि दोघांत बोलणं नव्हतं.

त्याचं कारणही रस्ताच होता. हा भाग पूर्वी गावाबाहेर होता. बापाचं घर एका कडेला, गुरांचा कोठा दुसऱ्या कडेला आणि मध्ये मोठं अंगण. रस्ता रुंद आणि सरळ करायचं ठरलं तेव्हा आखणी नेमकी त्या अंगणातून गेली. तुळशीराम तेव्हा मजुरीला सिरोंच्याकडे होता. देवाजी थोरले, घरातले कर्ते. त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. केली नसती तरी रस्ता झालाच असता, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. तुळशीराम परत आला तेव्हा अंगणात चुन्याच्या रेषा पडल्या होत्या. “दादानं मले एका शब्दानं नाई विचारलं,” एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि तेही खरं होतं. त्यानं कोठ्याच्या जागी चक्की टाकली. मग रस्ता झाला, दुभाजक झाला, दोन्हीकडं घरं दाटली. भावाभावांचं तोंड फिरलं ते फिरलंच. आईच्या तेरवीलासुद्धा दोघं वेगवेगळ्या पंगतीत बसले, असं पार्वताबाई सांगत.

आता त्या दिवसाचं सांगतो.

असे ट्रेलर शहरातून पहाटेपूर्वी काढून देतात. तो मात्र वळणाच्या अलीकडे बिघडला, चाकांची एक रांग बसली, आणि दुरुस्त होता होता सकाळचे दहा वाजले. यंत्र इतकं रुंद की दुभाजकावरून पलीकडच्या बाजूवर आलेलं. तेवढ्यात आपल्याकडच्या शहाण्या लोकांनी मिळेल त्या फटीत गाड्या घातल्या. उलट्या बाजूनंही घातल्या. बघता बघता दोन्हीकडून असा गच्च जाम झाला की मोटारसायकलही मागं घेता येईना. उन्हाळ्याचे दिवस, चंद्रपूरचं ऊन, त्यात शेकडो इंजिनं तापलेली.

दुरुस्ती झाल्यावर ट्रेलर चार हात पुढं सरकला आणि मी थांबवला. त्या वळणावर डाव्या बाजूच्या तारा रस्त्याच्या डोक्यावर येतात. यंत्राचं टोक आणि तार यांत वीतभर अंतर राहिलं होतं. लाईन बंद करून तारा उचलल्याशिवाय इंचभरही पुढं जाणं शक्य नव्हतं. मी बांबू माझ्या जोडीदाराच्या हाती दिला आणि नेहमीप्रमाणे देवाजींच्या घरी गेलो.

पार्वताबाई दारातच उभ्या होत्या. मला बघून त्या नेहमीचं वाक्य बोलल्या नाहीत.

“भाऊ, सिलिंडर नाई घरात. भरून आणाले सकाळीच पाठवला. गाडीवाला म्हणते, चौकातच फसून आहे.”

“इन्व्हर्टर?”

“त्याची बॅटरी मागच्या उन्हाळ्यातच बसली. पोरगा पुण्याहून येईन तेव्हा आणीन म्हणे.”

आत देवाजी खाटेवर टेकून बसलेले, नाकाला नळी, मशीन घुर्र घुर्र करत चाललेलं. मी बाहेर आलो. सिलिंडरची गाडी ज्या जाममध्ये अडकली होती, तो जाम सोडवायला मला लाईन बंद करायची होती, आणि लाईन बंद करायला सिलिंडर हवा होता. मी ऑफिसात फोन लावला. आमच्या सहायक अभियंता मॅडम फोनवर होत्या. नव्या होत्या, पण डोकं शांत. त्यांनी विचारलं, “पेशंटला हलवता येईल का?” मी म्हटलं, बघतो.

आणि तेव्हाच सायरन ऐकू आला.

मूलच्या बाजूनं अँब्युलन्स आली होती आणि ट्रेलरच्या समोर, ट्रकांच्या मध्ये उभी होती. पुढंही नाही, मागंही नाही. तिचा ड्रायव्हर उतरून धावत माझ्याकडे आला. गडचिरोलीकडून आणलेली बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं, तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. “भाऊ, कसंबी करा,” एवढंच तो म्हणाला आणि परत धावत गेला. त्यानं सायरन बंद केला नाही. बंद केला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, ते इथं लिहून टाकतो.

आजूबाजूची दुकानं मी नजरेनं धुंडाळली. उजव्या बाजूला, दुसऱ्या डीपीवर, जवळात जवळ काय आहे? टायरवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्याच्या बाजूचं गोडाऊन कुलूपबंद. त्यापुढच्या घरांना उभे लोखंडी जिने. तळमजला, खाट टाकायला जागा आणि चालू वीज एकाच ठिकाणी होती. तुळशीरामच्या चक्कीत.

मी आत जाऊन देवाजींना सांगितलं. नाव घ्यायला मला अवघड वाटत होतं. मी म्हटलं, “समोर नेतो. थोडा वेळ. लाईन आली की परत आणून सोडतो.”

देवाजींनी माझ्याकडे बघितलं. एकेक शब्द श्वास घेऊन टाकत ते म्हणाले, “त्याच्या दारात... मी नाई जात. काप लाईन. मेलो... तं मेलो.”

“मी नाही कापणार,” मी म्हटलं. माझा आवाज चढला. “मला फाशी द्यायला ठेवलं नाही खात्यानं.”

पार्वताबाईंनी उठून खिडकी उघडली. कूलरसाठी बंद ठेवलेली रस्त्याकडची खिडकी. उन्हाची झळ आत आली आणि सायरनचा आवाज आला. मोठा नव्हता, पण थांबत नव्हता.

देवाजी ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, “कोण आहे... गाडीत?”

“बाळंतीण आहे. गडचिरोलीकडून आणून राह्यले.”

“फसली का?”

“तुमच्या दारासमोरच.”

देवाजींनी पाय खाटेखाली सोडले आणि पायांनीच चाचपू लागले. पार्वताबाईंकडे न बघता म्हणाले, “चपला दे माह्या.”

मी आधी एकटा समोर पळालो. दुभाजकावरून उडी मारताना या वयात गुडघा निघून हातात येतो की काय असं झालं. चक्की चालू होती. तुळशीराम पिठानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला, जात्याच्या तोंडाशी डबा धरून उभा. मी ओरडून सगळं सांगितलं. दादाला इथं आणायचं आहे, तुमची हरकत नाही ना?

त्यानं खटका दाबला. पट्टा फडफडत थांबला.

“मले काऊन विचारता?” तो म्हणाला. “हा कोठा आमच्या बाबाचा होय. त्याचाबी आहे.”

आणि माझ्याकडे पाठ करून त्यानं पाण्याची बादली उचलली. सगळ्या जमिनीवर पाणी फेकलं, भिंतीवर फेकलं, जात्यावर पोतं टाकून तेही भिजवलं. तो काय करतोय हे मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. पीठ उडू नये म्हणून. भावाच्या छातीत जाऊ नये म्हणून. दोन बायका दळण घेऊन थांबल्या होत्या, त्यांनी न सांगता पदर खोचले आणि त्याही बादल्या भरू लागल्या.

देवाजींना आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. मशीन बंद केलं आणि एका ट्रक ड्रायव्हरनं ते छातीशी धरून पुढं धाव घेतली. खुर्चीला आम्ही चौघं. एक मी आणि तीन ड्रायव्हर, त्यातला एक तेलुगू बोलणारा, एक पार पंजाबकडचा. उभ्या ट्रकांच्या मधून, तापलेल्या बॉनेटला घासत आम्ही निघालो. पार्वताबाई एका हातानं देवाजींचा खांदा धरून बाजूनं चालत होत्या. देवाजींच्या ओठांचा रंग बदलू लागला होता. जिथं मोटारसायकली आडव्या होत्या तिथं लोकांनी त्या अक्षरशः उचलून बाजूला धरल्या. शिव्या देणारे, हॉर्न वाजवणारे तेच लोक. त्या एवढ्या वेळात एकही हॉर्न वाजला नाही.

दुभाजकापाशी पलीकडच्यांना खुर्ची देण्यासाठी आम्हाला ती वर टेकवावी लागली. हात बदलायला लागतो तेवढाच वेळ. भर हायवेच्या मधोमध, उंचावर, देवाजी खुर्चीत बसलेले. त्यांनी एकदा स्वतःच्या घराकडे बघितलं, एकदा चक्कीकडे. मग खाली सिमेंटकडे बोट केलं.

“इथी...” ते म्हणाले, “आमची माय... धान निसे.”

पार्वताबाई म्हणाल्या, “बोलू नोका.”

पलीकडे खुर्ची घ्यायला जे हात पुढं आले, त्यात दोन कोपरापर्यंत पांढरे होते. तुळशीरामनं खुर्चीचा पुढचा पाय धरला. दोघांची तोंडं हातभर अंतरावर आली. चक्कीत खाट टाकून ठेवली होती, तिच्यावर धुतलेली चादर होती. मशीन लावलं, ते घुर्र करून सुरू झालं. देवाजींचे डोळे मिटलेले होते. छाती मोठमोठ्यानं उचलत होती. पार्वताबाईंनी त्यांचा हात धरला आणि मला म्हणाल्या, “जा भाऊ आता. त्या पोरीले काढा.”

मी खटका पाडला. साखळी अडकवली, परमिट घेतलं. सायरन वाजत असतानाही क्रम मोडला नाही. जोडीदार खांबावर चढला, आम्ही तारा उचलून बांधल्या आणि मी बांबू घेऊन ट्रेलरपुढं उलटा चालू लागलो, डोळे वर. वळण सुटलं. मागचे ट्रक हलले, पोलिसांनी उलट्या बाजूच्या गाड्या काढल्या आणि अँब्युलन्स माझ्या खांद्याला वारा घालून गेली. मागच्या काचेतून एक म्हातारी दिसली, मांडीवर कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन बसलेली.

त्या बाळंतिणीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. दोन दिवसांनी मी दवाखान्यात जाऊन विचारलं होतं. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, कोण सांगणार? आमच्या धंद्यात असंच असतं. रस्ता मोकळा करून द्यायचा, कोण कुठं पोचलं ते कळत नाही. याची मला नोकरीत सवय झाली होती. तिच्या बाबतीत मात्र अजून झालेली नाही.

दुपार कलल्यावर लाईन सोडली आणि मी चक्कीत गेलो. देवाजी झोपले होते. तुळशीराम बाहेर पायरीवर बसला होता, पीठ तसंच अंगावर. दळणाचे डबे रांगेनं पडून होते. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर देवाजींना त्याच खुर्चीतून परत नेलं. लोक मला विचारतात, मग भावाभावांचं बोलणं झालं का? माझ्यासमोर तरी झालं नाही. पार्वताबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “दोघंबी एकाच मायचे दगड.”

तिसऱ्या दिवशी तुळशीराम आमच्या ऑफिसात आला. धुतलेला सदरा, केस ओले. माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “वायरमनभाऊ, माह्या घरातून त्याच्या घरात एक तार ओढून द्या. इकडची लाईन गेली का तिकडची चालली पाहिजे.”

मी चिडलोच. मी आयुष्यभर रस्त्यावरच्या वायरी काढत आलो आणि हा आणखी एक घालायला सांगतोय. शिवाय एका घरात दोन बाजूंची वीज आली आणि ती मागं तारेत शिरली, तर खांबावरचा माझा माणूस मरतो. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो ऐकून घेत उभा राहिला. शेवटी म्हणाला, “मंग कसं करता ते तुमी सांगा. मी तसं करतो.”

मॅडमनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांनी त्याला बसवलं. वर विचारून, जागा बघून त्यांनी मार्ग काढला. रस्त्याच्या दोन्ही कडेला उंच खांब, त्यावरून ट्रेलर खालून आरामात जाईल इतक्या उंचीवर जाडी केबल, आणि देवाजींच्या घरात एक खटका, जो एका वेळी एकच बाजू जोडेल. तात्पुरतं, आजारी माणूस आहे तोवर. खांब तुळशीरामनं उभे केले. केबल मी स्वतः चढून ओढली. खाली एका बाजूला देवाजींचं दार, दुसऱ्या बाजूला चक्की, मध्ये वाहणारा हायवे. मी वर असेपर्यंत तुळशीराम मान वर करून उभा होता.

त्यानंतर एक नवीनच रीत पडली. चक्कीची मोटर जोर खेचते. ती चालू असली की विजेचा दाब उतरतो आणि देवाजींचं मशीन कुरकुरतं. हे तुळशीरामला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानंच ओळखलं. पार्वताबाई दारावर एक छोटा दिवा दिवसाउजेडीही जळता ठेवू लागल्या, त्यांच्या घरच्या नेहमीच्या लाईनवरचा. तो विझला, म्हणजे डाव्या बाजूची लाईट गेली. तुळशीराम हातातलं दळण अर्ध्यावर सोडून चक्की बंद करायचा. दिवा पुन्हा लागेपर्यंत ती बंदच. बायका आधी कुरकुरल्या. एक जण मला रस्त्यात गाठून म्हणाली, “तुमच्या खात्यानं तं चांगलाच धंदा मांडला. त्यायची लाईट गेली का आमचं दळण बंद.” पण हळूहळू सगळ्यांना कळलं. मग दिवा विझला की कुणी काही विचारायचं नाही. डबे ठेवून बायका पायरीवर बसायच्या, मिरच्या निवडत, लेकीसुनांच्या गोष्टी करत. चक्की थांबली की तिथं एवढी शांतता व्हायची की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही वेगळा ऐकू यायचा.

देवाजी पुढच्या हिवाळ्यात गेले, सकाळी, झोपेतच. त्या वेळी लाईट होती, हे मी पहिल्यांदा विचारून घेतलं. तिरडी निघाली तेव्हा दुभाजक ओलांडून खांदा द्यायला तुळशीराम आला. पुढचा खांदा पुण्याहून आलेल्या मुलाचा, त्याच्या बाजूचा तुळशीरामचा. तो मोठ्यानं रडला, भर हायवेवर, ट्रक थांबलेले असताना. “दादा, एकखेप तं बोलला असता,” असं म्हणून रडला.

तात्पुरत्या केबलचं काम संपलं होतं. काढायचा हुकूम आला आणि मीच गेलो, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. तुळशीरामनं शिडी धरली. केबल खाली सोडली तेव्हा तिची गुंडाळी त्यानं करून दिली आणि चक्कीत खुंटीला टांगली.

यानंतर महिनाभरात मी निवृत्त झालो आणि एकदा आमच्या घरचं दळण घेऊन चक्कीत गेलो होतो. आता निवृत्त माणसाला घरातली असली कामं येतात. चक्की चालू होती, चार बायका रांगेत, त्यांच्या मागं मी. एकदम पट्ट्याचा आवाज उतरत गेला आणि चक्की थांबली. मला वाटलं मोटर बिघडली. तुळशीराम खटक्यावर हात ठेवून दाराबाहेर बघत होता. समोर पार्वताबाईंच्या दारावरचा दिवा विझला होता.

रांगेत एक नवी, भाड्यानं राहायला आलेली बाई होती. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या बाईनं तिच्या हातावर हात ठेवला. बाकीच्यांनी डबे खाली ठेवले. मीही माझा डबा खाली ठेवला आणि पायरीवर बसलो. दिवा लागेपर्यंत आम्ही सगळे तसेच थांबलो.